मुलांचा दुःखातला वाटा

घरातलं माणूस गेलं की पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचं काय करायचं, हे कुणालाच नीट उमगत नाही. अगदी लहानग्यांना शेजारी आपल्याकडे घेऊन जातात. मोठी माणसं विधींत आणि निरोप धाडण्यात गुंततात. मधल्या वयाचं पोर मात्र चहाचे कप उचलत, खुर्च्या मांडत, पाहुण्यांना पाणी देत घरभर फिरत राहतं. भेटायला येणारा प्रत्येक जण त्याच्या खांद्यावर हात ठेवून एकच सांगतो, "आता तूच आईला सांभाळायचं." तेराव्याचं गोडाचं जेवण होतं, पाहुणे पांगतात, सोमवारी शाळा असते. तुझं काय चाललंय, तुला काय वाटतंय, हे त्याला कुणी विचारलेलं नसतं.

मी नाशिकमध्ये शाळेत समुपदेशनाचं काम करते. हल्ली माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या बोलण्यात दोन प्रश्न वारंवार येतात. विद्यार्थी-आदानप्रदान योजनेत मुलाची निवड झाली आहे, जायची वेळ जवळ आली आणि घरात हे असं घडलं, तर आता त्याला पाठवायचं का? आणि दुसरा, मूल तिकडे आहे, इकडे आजोबा गेले, तर हे त्याला आत्ता सांगायचं का? दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर ठाम आहे: सांगायचंच, आणि त्याच दिवशी. पहिल्याचं उत्तर मात्र मुलाजवळ बसून, त्याला विचारून शोधावं लागतं. तुमच्यापुढे मी जी गोष्ट मांडणार आहे ती माझ्या घरातली आहे. माझी बहीण आणि भाची, दोघींनी लिहायला सांगितलं म्हणून लिहिते आहे.

भाची दहावीत होती. जपानला एका कुटुंबात राहून वर्षभर तिथल्या शाळेत शिकायचं, यासाठी तिची निवड झाली होती. अर्जावर दाजींनी मोठ्या हौसेनं सही केली होती. त्यानंतर ऐन पावसाळ्यात हृदयविकाराच्या झटक्यानं ते गेले. दहावीचं वर्ष ताईनं आणि तिनं कसंबसं ओढून नेलं. जपानी शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे परीक्षा संपताच निघायचं होतं. कागदपत्रं पुन्हा करावी लागली. वडिलांच्या संमतीच्या जागी त्यांच्या मृत्यूचा दाखला जोडायचा आणि नावापुढे 'कै.' लिहायचं. तो फॉर्म तिनं स्वतः भरला. नातेवाइकांत बोललं गेलंच, "बापाचं वर्ष झालं नाही आणि पोरगी परदेशी निघाली." ताईनं कुणाला उत्तर दिलं नाही. तिनं फक्त मुलीला विचारलं, "तुला जायचंय का? नको असेल तरी चालेल. जायचं असेल तर माझी काळजी म्हणून थांबू नको." मुलीनं आठवडाभर विचार केला आणि हो म्हणाली.

इथे थोडं थांबते, कारण याच जागी बऱ्याच घरांत गफलत होते. "तेवढंच तिचं मन रमेल, विसरेल ती," म्हणून मुलाला पाठवू नका. दुःख विसरायला परदेशी धाडलेलं मूल तिथल्या पहिल्या रिकाम्या रविवारी कोसळतं, आणि त्या वेळी त्याच्याजवळ त्याच्या भाषेत बोलणारं कुणी नसतं. मूल नको म्हणत असेल तर जागा पुढच्या वर्षी ठेवता येते का, हे संस्थेला विचारा आणि त्याला घरी राहू द्या. कर्ज काढून तर मुळीच पाठवू नका. परदेश हे औषध नाही. मात्र मूल स्वतः निघालं असेल, तर घरच्या दुःखाचा धाक घालून त्याला अडवूही नका. मोठ्या माणसांनी आपला एकटेपणा मुलाच्या गळ्यात बांधायचा नसतो.

या आदानप्रदानाच्या परंपरेत मरणाशी जोडलेलं एक मूळ आहे. एएफएस ही यातली जुनी संस्था. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, फ्रान्सच्या आघाडीवर जखमींना वाहून नेणाऱ्या स्वयंसेवक रुग्णवाहिका-चालकांपासून ती सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धातही हे चालक आघाडीवर होते. त्यानंतर त्यांनीच ठरवलं की, देशोदेशीच्या शाळकरी मुलांनी एकमेकांच्या घरी राहायचं. इतकी माणसं डोळ्यांसमोर मेलेली पाहिल्यावर त्यांना सुचलेलं काम हे होतं.

भाची कोबेजवळच्या एका घरात राहिली. घरात यजमान आई-वडील, त्यांचा मुलगा आणि आजी. ताईनं जायच्या आधीच त्यांना पत्र लिहून कळवलं होतं की, हिचे वडील काही महिन्यांपूर्वी गेले आहेत, ती कधी गप्प झाली तर तिला एकटं वाटू देऊ नका, पण फार खोदूनही विचारू नका. हे पत्र लिहायचं की नाही यावर आमच्या घरात वाद झाला होता. "आल्या आल्या बिचारी म्हणून बघतील," असं काहींचं म्हणणं होतं. ताईनं ऐकलं नाही, आणि ते फार बरं झालं. जिथे मूल राहणार आहे त्या घराला आणि संस्थेच्या तिथल्या माणसाला हे ठाऊक असलंच पाहिजे.

त्या घरात बुत्सुदान होतं, म्हणजे घरातल्या गेलेल्या माणसांचा लाकडी देव्हारा. सकाळी शिजलेल्या भाताचा पहिला घास तिथे ठेवायचा, उदबत्ती लावायची, छोटी घंटा वाजवायची आणि मग न्याहारी. देव्हाऱ्यात एका तरुणाचा फोटो होता. तो यजमान आईचा मोठा भाऊ होता, १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात गेलेला. आपल्याकडे गेलेल्या माणसाचं नाव निघालं की आपण पटकन विषय बदलतो, मुलांसमोर तर हमखास. त्या घरात नाव रोज निघायचं, भातासोबत. भाचीला सुरुवातीला त्याचंच नवल वाटलं.

मग एके दिवशी जेवताना तिनं आपल्या चॉपस्टिक्सनी उचललेला घास यजमान भावाच्या चॉपस्टिक्सवर द्यायला हात पुढे केला. आजींनी हलकेच तिचा हात खाली केला. रात्री यजमान आईनं समजावलं की, एका जोडीवरून दुसऱ्या जोडीवर आम्ही फक्त अस्थी देतो. दहनानंतर घरचे सगळे, पुरुष, बायका, मुलं, एकत्र उभे राहतात आणि चॉपस्टिक्सनी अस्थी उचलून कलशात ठेवतात. पायाच्या अस्थींपासून सुरुवात करतात आणि डोक्याच्या शेवटी ठेवतात, म्हणजे कलशात माणूस सरळ उभा राहतो. जवळच्या माणसांसाठी असलेलं हे शेवटचं काम, म्हणून ते जेवणाच्या ताटावर करायचं नाही.

त्या रात्री भाचीनं आईला फोन केला. जपानचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणजे तिकडे मध्यरात्र होत आली होती. ती म्हणाली, "आई, बाबांना न्यायच्या वेळी मला का नेलं नाही? अस्थी गोळा करायलाही नाही. मी मोठी आहे ना?"

बारा वर्षांच्या धाकट्या भावानं अग्नी दिला होता. तिसऱ्या दिवशी काका आणि तो अस्थी आणायला गेले. मोठी मुलगी घरी बायकांत बसली होती, कारण आमच्याकडे बायका-मुली स्मशानात जात नाहीत. या प्रश्नाला आपल्यापैकी बहुतेकांचं उत्तर तयार असतं: रीतच आहे तशी. ताई तसं म्हणाली नाही. ती म्हणाली, "तुझ्यासाठी कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही, मला काही सुचतच नव्हतं. तू यायला हवी होतीस." आणि पुढच्या रविवारी तिनं धाकट्याला शेजारी बसवून त्या दिवसांचं सगळं सांगितलं. गोदेला पूर होता, दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढलं होतं, त्यामुळे रामकुंडावर किती वेळ थांबावं लागलं. काका का रडत होते. मडक्यावर कुठलं फडकं बांधलं होतं. धाकट्यानं वाटेत काय विचारलं. तोही त्या दिवशी पहिल्यांदाच बोलला. बहिणीला सोडून त्याला नेलं होतं, पण आपण काय पाहिलं हे सांगायला त्याला कुणी माणूसच मिळालं नव्हतं.

पालकहो, मुलं अशा बारीकसारीक गोष्टी विचारतात तेव्हा आपल्याला ते कोरडेपणाचं वाटतं. शेवटचं काय बोलले, कपडे कुठले होते, दुखत होतं का. तो कोरडेपणा नाही. ज्या दिवसापासून त्यांना दूर ठेवलं, तो दिवस मुलं अशा प्रश्नांनी परत मिळवत असतात. त्यांना खरं सांगा. जे सांगवत नसेल त्याबद्दल "आत्ता मला जमत नाही, पण सांगेन" म्हणा आणि नंतर खरंच सांगा.

जुलैमध्ये वर्षश्राद्ध आलं. घरी सगळं तिथीनं चालतं, तिकडे मुलीच्या डोक्यात तारीख. दोन वेगळे दिवस. ताईनं हे आधीच ओळखून मुलीला विचारलं, "तू कुठला दिवस धरणार?" मुलगी म्हणाली, "तारीख." मग तिथीला घरी विधी झाले आणि तारखेला सगळ्यांनी मिळून फोन केला. यजमान आजींनी त्या दिवशी दाजींचा फोटो देव्हाऱ्याशेजारी ठेवायला सांगितला आणि भाताची दुसरी वाटी मांडली. ज्यांची मुलं बाहेर आहेत त्यांनी असे दिवस आधीच कॅलेंडरवर पाहून ठेवावेत. पहिला वाढदिवस, पहिली दिवाळी, गेल्याचा दिवस. मूल म्हणेल, "मला आठवणही नव्हती." नसेलही. पण त्या आठवड्यात ते उगाच कुणाशी भांडेल, आणि का ते त्यालाच कळणार नाही.

ऑगस्टच्या मध्याला तिकडे ओबोन असतो. गेलेली माणसं काही दिवस घरी येतात, दारात छोटा जाळ करून त्यांना बोलवायचं आणि तसाच जाळ करून निरोप द्यायचा. आजी मूळच्या टोकियोकडच्या, त्यामुळे त्यांनी त्यांच्या भागातली पद्धत दाखवली. काकडीला काड्यांचे चार पाय लावून घोडा करायचा आणि वांग्याला लावून गाय. येताना माणसानं घोड्यावरून लवकर यावं, जाताना गाईवरून सावकाश जावं. भाचीनं दाजींसाठीही एक घोडा आणि एक गाय केली. फोटो पाठवला तेव्हा ताई रडली, आणि रडले असं तिनं मुलीला सांगितलंही. महिन्याभरानं इकडे पितृपक्ष आला, तर मुलीनंच फोनवर आठवण करून दिली, "बाबांना अळूवडी आवडायची, कर."

मुलांचं दुःख आपल्यासारखं सलग चालत नाही. सकाळी रडलेली मुलगी संध्याकाळी बास्केटबॉल खेळून हसत परतते आणि घरच्यांना वाटतं की, हिला काही वाटतच नाही, किंवा ही सावरली. दोन्ही खरं नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलं की, सावरणारं माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करत असतं: एका बाजूला गेलेल्या माणसाची ओढ, दुसऱ्या बाजूला नवी कामं, नवी माणसं. ही ये-जा चालू राहणं हेच निकोप. किशोरवयात तर ती फार जोरात होते, झोका तासाभरात इकडून तिकडे जातो. परक्या देशातली नवी भाषा, शाळेत मुलांनीच वर्ग झाडायचे, मैत्रिणींच्या सायकली, या सगळ्यानं माझ्या भाचीला दुसरी बाजू भरपूर मिळाली. पहिली बाजू बंद होऊ दिली नाही ती देव्हाऱ्यातल्या भाताच्या वाटीनं आणि आईच्या रविवारच्या फोननं.

रविवारचा फोन म्हणाले, रोजचा नव्हे. रोज तास-तासभर व्हिडिओ कॉलवर असलेलं मूल तिथे पोहोचतच नाही. आणि त्या फोनवर काय बोलायचं, तेही ठरवायला हवं. "तुझ्याविना घर खायला उठतं गं," हे वाक्य मुलाला परतीचं तिकीट शोधायला लावतं. "आम्ही एकदम मजेत," हे ते मानत नाही. ताई असं सांगायची: "बुधवारी फार आठवण आली, रडले. मग मावशी आली, आम्ही भाजी आणायला गेलो." आई रडली, आणि आईला सांभाळायला माणूस आहे, हे दोन्ही मुलीला कळत होतं. हार्वर्डमध्ये विल्यम वर्डेन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी आई किंवा वडील गमावलेल्या १२५ मुलांचा दोन वर्षं अभ्यास केला. मागे राहिलेला पालक स्वतः कसा उभा आहे, यावर मुलाचं सावरणं सगळ्यांत जास्त अवलंबून असतं, असं त्यात दिसलं. तेव्हा मुलाला पाठवताना स्वतःसाठीही कुणीतरी माणूस शोधून ठेवा. हा स्वार्थ नाही.

आता दुसऱ्या एका मुलाबद्दल थोडक्यात सांगते. तो जर्मनीत होता, आजीनं वाढवलेला. आजी गेली तेव्हा त्याच्या परतण्याला काही आठवडे होते. "कशाला परक्या मुलखात त्याला त्रास," म्हणून घरच्यांनी लपवलं. आजी झोपली आहे, देवळात गेली आहे, असं फोनवर सांगत राहिले. तिसऱ्या दिवशी चुलतभावाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर त्याला हार घातलेला फोटो दिसला आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्यानं घरी काही विचारलं नाही. परत आल्यावर तो माझ्यासमोर बसून म्हणाला, "मॅडम, आता ते बरं आहे म्हणाले तरी मला खरं वाटत नाही." आई-वडिलांचा हेतू मायेचाच होता, यात मला तिळमात्र शंका नाही. पण आजच्या काळात बातमी लपत नाही. लपवण्यानं मुलाचा शोक एकट्याचा होतो आणि विश्वास जातो तो वेगळाच. त्याला अंत्यदर्शनाला येता आलं नसतं, तरी त्या दिवशी तिथेच दिवा लावता आला असता, यजमान आईच्या गळ्यात पडून रडता आलं असतं.

भाची परतायच्या थोडं आधी १७ जानेवारी आला. यजमान आईनं तिला विचारलं, येतेस का, आणि पहाटेच्या काळोखात दोघी कोबेतल्या हिगाशी युएन्ची बागेत गेल्या. भूकंप पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी झाला होता, ६,४३४ माणसं गेली. दर वर्षी त्याच वेळी तिथे कंदील लावून लोक उभे राहतात. मधे तीस वर्षं गेली तरी लोक येतात, यजमान आई अजून रडते, आणि तिथून घरी येऊन डबे भरते, कामावर जाते. भाची मला म्हणाली, "मावशी, मला वाटायचं की एक दिवस हे संपायला हवं, नाही संपलं तर माझ्यात काहीतरी चुकतंय. ओकासानचं, म्हणजे तिकडच्या आईचं, तर तीस वर्षांत संपलं नाही, आणि ती किती छान जगते." सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला हे कुठल्याही समुपदेशकानं सांगून कळलं नसतं. मीही ते सांगायचा प्रयत्न केला होता. तिनं ते एका माणसात पाहिलं.

परत आल्यावर गोष्ट संपली असं समजू नका. तिकडे वर्षभर वावरताना बाबा घरी नाहीत हे तिला ठाऊक होतं, पण ते अंगावर आलं ते घरात पाऊल ठेवल्यावर. विमानतळावर आईच्या शेजारची जागा रिकामी होती. पुढचे दोन-तीन महिने कठीण गेले, ताईला वाटलं, पाठवून चुकले की काय. हार्वर्डच्या त्याच अभ्यासात दिसलं होतं की, अनेक मुलांच्या अडचणी पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जास्त ठळक होतात. आपल्याकडे वर्षश्राद्ध झालं की लोकांचं विचारणं थांबतं, म्हणजे नेमकं तेव्हाच. दुसऱ्या वर्षी वर्गशिक्षकांना पुन्हा एकदा कळवा. आणि मूल बाहेर असताना गेलेल्या माणसाचं कपाट, चष्मा, स्कूटर त्याला न विचारता हलवू नका. जागेची अडचण असेल तर फोनवर विचारा. "काय करू या?" एवढंच पुरतं.

मूल आठवडेच्या आठवडे जेवत-झोपत नसेल, शाळेत जाणं बंद झालं असेल, स्वतःला इजा करत असेल, किंवा "मलाही बाबांकडे जायचंय" म्हणत असेल, तर वाट पाहू नका. ते वयाचं नाटक नसतं. त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे न्या, तिकडे असेल तर यजमान कुटुंबाला आणि संस्थेला तत्काळ कळवा. भारतात सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे, मोफत, आणि मराठीत बोलता येतं. पालकांनीही तिथे फोन करावा, स्वतःसाठीसुद्धा.

येत्या मार्चमध्ये ज्यांची मुलं निघणार आहेत त्यांना एक काम सांगते. विमानतळावर नको, आठवडाभर आधी, जेवणं झाल्यावर, मुलाला विचारून ठेवा: "तू तिकडे असताना इकडे कुणाचं काही झालं, तर तुला कसं कळवू?" प्रश्न अशुभ वाटेल, आजी "नको ते बोलू नका" म्हणेल. तरी विचारा. मुलांची उत्तरं वेगवेगळी येतात. एक मुलगा म्हणाला, आधी यजमानांना सांगा, ते माझ्याजवळ बसले की मग मला. एक मुलगी म्हणाली, मेसेज नको, फोनच करा. माझ्या भाचीला दाजींच्या वेळी एक नातेवाईक शाळेत घ्यायला आले होते, "बाबांना जरा बरं नाही, घरी चल," म्हणून, आणि ती सबंध रस्ता दवाखान्यात काय न्यायचं याचा विचार करत आली होती. निघण्याआधी तिनं ताईला सांगितलं, "रात्र असली तरी उठव. दुसऱ्या कुणाला सांगायला लावू नको, तूच सांग. आणि बरं नाही वगैरे म्हणू नको, जे झालं असेल तेच सांग."